'नवशिक्यांसाठी' पट्टेरी स्वेटर: लोकर उत्तम, कागद नापास

स्वेटर विणायच्या किटच्या डब्यावर ठळक अक्षरांत छापलंय, 'नवशिक्यांसाठी'. मी 26 वर्षं विणतेय, तरी या स्वेटरचा गळा दोनदा उसवला, बाहीपाशी रडकुंडीला आले आणि शेवटी सोबतचा सूचनांचा कागद बाजूला ठेवून माझ्या मनाने विणत गेले. तेव्हा आधीच सांगते: आयुष्यात पहिल्यांदा सुया हातात धरणार असाल तर हे किट घेऊ नका. टाके वाढवता-घटवता येत असतील आणि चार ओळी उसवायला जिवावर येत नसेल तर जरूर घ्या. लोकरीसाठी घ्या.

कंपनीचं नाव लिहीत नाही. माझ्या तक्रारी मी त्यांना कळवल्या आहेत. आणि अशी दोन-तीन किटं मी याआधीही पाहिली आहेत, त्यातल्या कागदांचीही तऱ्हा हीच होती.

डब्यात काय येतं? 50 ग्रॅमचे नऊ गुंडे: चार पांढरे, चार गडद निळे आणि एक हळदी पिवळा. प्रत्येकात 120 मीटर धागा. 4 मिलिमीटरची बांबूची गोल सुई, मधली केबल धरून 80 सेंटिमीटर लांब. खुणेसाठी सहा प्लास्टिकच्या कड्या, एक बोथट दाभण, एक कापडी पिशवी आणि घडीचा कागद. पिशवी ठीक. कड्या छान, बंद होणाऱ्या आहेत, निसटत नाहीत. सुई मात्र केबलला जिथे जोडली आहे तिथे बारीकशी कड राहिली आहे. दर वेळी टाका तिथे अडकतो, ढकलावा लागतो. 220 टाक्यांच्या फेरीत 220 वेळा. पहिल्याच संध्याकाळी ती सुई मी पिशवीत टाकली आणि माझी जुनी स्टीलची काढली.

लोकर मात्र खरोखर चांगली आहे. सुपरवॉश मेरिनो, म्हणजे धुतली तरी आटणार नाही अशी केलेली मेरिनो मेंढीची लोकर, चार पदरी, पीळ चांगला घट्ट. गालाला लावली तर टोचत नाही, आणि गळ्याशी येणाऱ्या कपड्याची माझ्यापुरती तीच परीक्षा. चारही निळे गुंडे एकाच वेळी रंगवलेले होते, पट्टीवरचा लॉट नंबर मी ताडून पाहिला. ही क्षुल्लक गोष्ट नाही. वेगळ्या लॉटचा निळा गुंड्यात असताना तसाच दिसतो आणि विणून झाल्यावर उन्हात गेलं की चुगली करतो. एका निळ्या गुंड्यात मधेच गाठ निघाली, नेमकी पट्ट्याच्या चौथ्या फेरीत. गाठ तशीच विणली तर पुढे कधीतरी ती बाहेरच्या बाजूला डोकं काढते. म्हणून धागा कापला, दोन टोकं वाढवली आणि मनातल्या मनात एक गुण कापला.

आता कागद.

पहिली चूक त्याची नाही, माझी आहे. कागदावर लिहिलंय, 10 सेंटिमीटरमध्ये 22 टाके आणि 28 ओळी आल्या पाहिजेत. माझा हात घट्ट आहे. 4 च्या सुईवर मापासाठी छोटा नमुना विणला तर मला 24 टाके आले. दोनच टाक्यांचा फरक वाटतो, पण हिशोब करा: छातीला 220 टाके आहेत. 22 च्या मापाने 100 सेंटिमीटर होतात, 24 च्या मापाने 92 सुद्धा भरत नाहीत. माझी छाती 94. म्हणजे स्वेटर अंगात गेला असता, श्वास गेला नसता. 4.5 ची सुई घेतली, बरोबर 22 टाके आले. ओळी मात्र 28 ऐवजी 30 आल्या. साध्या एकरंगी स्वेटरला या दोन ओळींनी काही बिघडत नाही, कारण लांबी आपण टेपने मोजून थांबतो. पट्ट्यांना बिघडतं. पट्टेरी स्वेटर म्हणजे अंगावर उभी धरलेली फूटपट्टी असते, आणि ही फूटपट्टी आपणच आपल्या हाताने आखलेली असते.

त्यात कागदावर लांबीची मापं सेंटिमीटरमध्ये नाहीतच, पट्ट्यांमध्ये आहेत. 'बगलेपासून 12 पट्टे विणा, नंतर निळी बॉर्डर.' एक पट्टा 8 फेऱ्यांचा. त्यांच्या हाताने 12 पट्टे म्हणजे साधारण 34 सेंटिमीटर. माझ्या हाताने 32. अंगाला लावून पाहिला तर कमरेच्या वर राहतोय. म्हटलं, एक पट्टा वाढवू, त्यात काय! वाढवला. आणि मग लक्षात आलं की वाढवलेला पट्टा निळा आहे आणि त्याखालची बॉर्डरही निळी. दोन्ही मिळून खाली असा जाड निळा पट्टा बसला की वाटावं, स्वेटरला कोणीतरी दोर बांधलाय.

म्हणून बॉर्डर पिवळी केली. मुळात पिवळा फक्त गळ्याच्या काठासाठी दिलेला होता, एकच गुंडा. घरातल्या वजनकाट्यावर तोलत तोलत विणलं. गळा आणि खालची बॉर्डर मिळून 37 ग्रॅम गेले, 13 उरले. पहिल्या मनगटाला 6 लागले. दुसऱ्या मनगटाला बसताना 7 ग्रॅम शिल्लक, शेवटी हातात उरलं दोन-सव्वादोन मीटर. आता जो तो याच पिवळ्या काठांचं कौतुक करतो. कागदाप्रमाणे विणला असता तर ते आले नसते.

हे सगळं लिहिल्यावर पुढचं सांगायला जरा लाज वाटते, पण सांगते. तो वाढवलेला पट्टा लागणारच नव्हता. मी नमुना विणला, मोजला, पण धुतला नाही. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि माणसाचा स्वेटर बाहुलीचा होतो. सुपरवॉश लोकरीचे खवले क्लोरीनने झिजवलेले असतात, किंवा त्यांवर रेझिनचा पातळ थर दिलेला असतो. त्यामुळे ती आटत नाही, हा फायदा. पण आता तंतूंना एकमेकांना धरून ठेवायलाही फारसं काही उरत नाही. पाण्यात गेली की ती सैलावते, पसरते. माझा स्वेटर पहिल्या धुण्यानंतर लांबीला जवळजवळ 3 सेंटिमीटर वाढला. बाह्याही वाढल्या, मनगटाची एक घडी घालावी लागते. कागदावर याबद्दल अवाक्षर नाही. 'नमुना विणून, धुऊन, वाळवून मग मोजा' एवढी एक ओळ छापली असती तर माझा एक पट्टा वाचला असता. 220 टाक्यांच्या 8 फेऱ्या म्हणजे 1,760 टाके, माझ्या वेगाने एक तास.

आता पट्टे कसे जोडले जातात ते सांगते, कारण कागद तिथेही गप्प आहे आणि नवखी व्यक्ती तिथेच फसणार.

हा स्वेटर गळ्याकडून सुरू होऊन खाली गोल विणत जायचा आहे, शिवण कुठेच नाही. ऐकायला छान. पण गोल विणताना फेरी म्हणजे वर्तुळ नसतंच, स्प्रिंगसारखी चढत जाणारी वाट असते. फेरीचा शेवटचा टाका पहिल्या टाक्याच्या शेजारी येत नाही, त्याच्या एक पायरी वर येतो. एकाच रंगात हे कोणाला दिसत नाही. रंग बदलला की दिसतं: प्रत्येक पट्ट्याच्या सुरुवातीला एक तुटकी पायरी, आणि सगळ्या पायऱ्या एकाखाली एक. पाठीवरून बगलेकडे जिना उतरल्यासारखा. मी पहिले तीन पट्टे तसेच विणले आणि गळा दुसऱ्यांदा उसवला तो यापायी. पहिल्यांदा उसवला होता तो मी पहिल्याच फेरीत टाके पिळलेले ठेवून जोडले म्हणून. त्याचं खापर कागदावर फोडत नाही.

उपाय सोपा आहे, आणि मला तो आत्याने फार पूर्वी दाखवला होता. नव्या रंगाची पहिली फेरी नेहमीसारखी पूर्ण विणायची. दुसऱ्या फेरीच्या पहिल्या टाक्याशी आलं की लगेच विणायचं नाही. त्या टाक्याच्या खाली जुन्या रंगाचा टाका दिसतो. त्याची उजवी तंगडी सुईच्या टोकाने मागून उचलायची, डाव्या सुईवर चढवायची आणि दोन्ही मिळून एक सुलट विणायचा. बस. खालचा रंग अर्धी पायरी वर ओढला जातो आणि जिना सपाट होतो. अगदी नाहीसा नाही होत. जवळून पाहिलं तर तो टाका किंचित लांबट दिसतो. पण इतक्या जवळून पाहणाऱ्याला आपण लांब हो म्हणू शकतो.

बॉर्डरबाबतही तेच. एक सुलट-एक उलट अशी बॉर्डर नव्या रंगात थेट सुरू केली की प्रत्येक उलट टाक्याच्या बुडाशी जुन्या रंगाचा ठिपका येतो. पांढऱ्या पट्ट्याखाली पिवळी बॉर्डर असेल तर फटफटीत पांढऱ्या ठिपक्यांची रांगच. नव्या रंगाची पहिली फेरी सबंध सुलट विणली आणि मग उलट-सुलट धरलं की रेघ कशी सुरीने कापल्यासारखी येते. ही एक फेरी किटच्या कागदात नाही. त्यांच्या डब्यावरच्या फोटोत मात्र ठिपके नाहीत! फोटोतला स्वेटर ज्याने विणला त्याला हे माहीत होतं, कागद लिहिणाऱ्याला सांगावंसं वाटलं नाही.

आणि टोकं. कागद म्हणतो, 'प्रत्येक पट्ट्यानंतर धागा कापा.' वरचे 9 पट्टे, अंगाचे 13, दोन बाह्यांचे मिळून 28. एकूण 50 पट्टे, प्रत्येकाची दोन टोकं, म्हणजे दाभणाने 100 टोकं आत दडवायची. इतकी टोकं दडवण्यापेक्षा मी उघडा स्वेटर घालीन. कापू नका. ज्या रंगाचं काम नाही तो धागा आतून वर चढवत न्या, दर दुसऱ्या फेरीला कामातला धागा त्याच्याभोवती एकदा फिरवा, म्हणजे आत लोंबता फास राहत नाही. फक्त तो ओढू नका. मी अंगाच्या पहिल्या दोन पट्ट्यांत हौसेने ताणून घेतला, तिथे बगलेखाली अजूनही बारीक चुणी पडते. हात खाली असला की दिसत नाही.

बाह्यांवर मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाही छोट्या घेराची, लांब केबलचा फास बाहेर काढून विणायची. छोट्या घेरात माझा हात आणखी घट्ट होतो. अंगावर 10 सेंटिमीटरला 30 ओळी, बाहीवर 33. एका पट्ट्यात जवळजवळ अडीच मिलिमीटरचा फरक. बगलेपाशी अंगाचा आणि बाहीचा पट्टा एकाच रेषेत सुरू होतो, कारण वरचा भाग एकत्रच विणलेला असतो. दुसऱ्या-तिसऱ्या पट्ट्यापर्यंत डोळा माफ करतो. पाचव्यापर्यंत बाही अर्धा पट्टा पुढे गेलेली असते, अंगाच्या निळ्याच्या मध्यावर बाहीचा पांढरा येतो. उजवी बाही पूर्ण झाल्यावर मी आरशासमोर हात सरळ खाली धरून उभी राहिले आणि पोटात गोळाच आला. 14 पट्टे होते. उसवायचे? 5 ची सुई घेऊन पुन्हा विणायचे? रात्रभर विचार केला आणि सकाळी डावी बाही त्याच सुईने, तितक्याच घट्ट हाताने विणायला घेतली. एकच बाही चुकली असती तर ती चूक दिसली असती, दोन्ही सारख्या चुकल्या म्हणजे नक्षी. तसंही हात शरीराला चिकटवून माणूस फक्त फोटोत आणि कवायतीत उभा राहतो.

एक छोटी कुरबुर नक्षीबद्दल. डब्यावर 'खलाशी पट्टे' म्हटलंय. फ्रेंच आरमाराने 27 मार्च 1858 रोजी खलाशांच्या पट्टेरी सदऱ्याचा नियम काढला, त्यात पट्टे मोजून दिले होते: 21 पांढरे आणि 20 किंवा 21 निळे, आणि प्रत्येक पांढरा पट्टा निळ्याच्या दुप्पट रुंद. म्हणजे पांढऱ्या जमिनीवर निळी रेघ. या किटमध्ये दोन्ही रंगांच्या 8-8 फेऱ्या, सारख्याच रुंदीच्या. त्यामुळे जमीन कोणती आणि रेघ कोणती हे डोळ्याला कळत नाही आणि लांबून स्वेटर थोडा लुकलुकतो. मला 8 पांढऱ्या आणि 4 निळ्या फेऱ्या जास्त आवडल्या असत्या. पण मग पांढरे गुंडे जास्त द्यावे लागतील, हे मला कळतं.

घालून पाहिल्यावर ताई पहिलं वाक्य बोलली ते अपेक्षितच होतं: "अगं, आडवे पट्टे जाड दाखवतात." तिला सांगितलं की हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच दाखवून ठेवलंय, आडव्या रेघांनी भरलेला चौकोन डोळ्याला आहे त्यापेक्षा उंच दिसतो. ती म्हणाली, "तू काय चौकोन आहेस?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

रंग जाण्याची मला सगळ्यात जास्त धास्ती होती. गडद निळा आणि पांढरा शेजारी शेजारी, आणि तोही 11 आठवड्यांच्या मेहनतीनंतर. म्हणून आधी निळ्या धाग्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या कापडात दाबून ठेवला, सकाळी कापडावर अगदी पुसट सावली होती. स्वेटर गार पाण्यात, लोकर धुण्याच्या द्रावणात, 15 मिनिटं बुडवला. पाणी फिकट निळं झालं. मी तिथेच उभी, हात कमरेवर. काढला, दोनदा स्वच्छ पाण्यातून घोळवला, पिळला नाही, जाड टॉवेलात गुंडाळून दाबला आणि सपाट पसरून वाळवला. पांढरा पांढराच राहिला. ओला स्वेटर दोरीवर टांगू नका, पाण्याच्या वजनाने तो गुडघ्यापर्यंत येईल.

धुतल्यावर टाके मात्र देखणे बसले. विणताना कुठे सैल, कुठे घट्ट पडलेले टाके एकसारखे झाले, आणि हे मी या लोकरीचंच श्रेय मानते. आतापर्यंत तो मी 30 वेळा तरी घातला असेल. बगलेखाली आणि जिथे पिशवीचा पट्टा घासतो तिथे थोडे गोळे आलेत, हाताने निघतात. कोपर शाबूत. गळा सैल पडलेला नाही.

गुण द्यायचेच तर लोकरीला 5 पैकी 5 देते, गाठीचा कापलेला एक गुण परत. सुईला 1. कागदाला 1, तोही टाक्यांचा हिशोब सगळ्या मापांसाठी बरोबर निघाला म्हणून. मी तीन मापांचे आकडे बसून पडताळले, कुठे चूक नाही. ज्याला इतका नेमका हिशोब जमतो त्याला चार ओळी जास्त लिहायला काय झालं होतं कोण जाणे.

तर आता ताईला तसाच हवाय. चौकोन वगैरे सगळं विसरली, पिवळ्या काठांसकट हवाय म्हणते. तिची छाती माझ्यापेक्षा मोठी, टाके 242. पांढऱ्याच्या 8 आणि निळ्याच्या 4 फेऱ्या धरणार आहे, बाह्यांना 5 ची सुई घेईन. काल रात्री नमुना विणला, आज सकाळी धुतला. टॉवेलावर पसरलाय, अजून दमट आहे.